सिस्टीम व्ही की पॉझिक्स? सी भाषेतल्या मेसेज क्यूची निवड

दोन प्रोग्रामांमध्ये निरोप पोचवायला मेसेज क्यूच, म्हणजे संदेशांची रांगच, ठेवायची, इथवर तुमचं ठरलं असेल तर पुढचा प्रश्न लगेच येतो: युनिक्स-लिनक्सवरची जुनी सिस्टीम व्ही पद्धतीची की पॉझिक्स मानकातली? इंदूरला देवास रस्त्यावरच्या एका सोयाबीन कारखान्यात मी धर्मकाट्यासाठी दोन्ही वापरल्या. एक प्रोग्राम सिरीयल पोर्टवरून वजन वाचतो, दुसरा पावती छापतो आणि नोंद ठेवतो. मध्ये क्यू.

सुरुवात सिस्टीम व्हीने केली. तिची एक गोष्ट मला आजही मनापासून आवडते. प्रत्येक संदेशावर प्रकाराचा आकडा असतो आणि घेणारा हवा तोच प्रकार मागून घेऊ शकतो. ज्या प्रोसेसला उत्तर द्यायचं तिचा पीआयडीच (प्रोसेसचा नंबर) प्रकार म्हणून लावला, की एकाच क्यूवरून दहा जण आपापली उत्तरं उचलतात. पॉझिक्समध्ये प्राधान्य आहे, जास्त प्राधान्याचा संदेश आधी निघतो. पण ‘मला फक्त दोन नंबरचे दे’ असं म्हणायची सोय नाही. उत्तरं परत हवी असतील तर ज्याची त्याची वेगळी क्यू काढावी लागते. तुमचं सगळं काम असंच असेल, तर सिस्टीम व्ही घ्या, मी अडवणार नाही.

माझं मन फिरलं ते एफटॉकमुळे. हे फंक्शन तुम्ही दिलेल्या फाईलचा आयनोड (डिस्कवरचा तिचा अंतर्गत नंबर), डिव्हाइस नंबर आणि तुमचा एक छोटा आकडा मिळून क्यूची किल्ली, म्हणजे ती शोधायचा आकडा, बनवतं. मी फाईल दिली होती सेटिंगची. ऑक्टोबरचे दिवस, आवक जोरात, गेटबाहेर ट्रकांची रांग. पोर्टचा वेग बदलायचा होता म्हणून ‘सेड -आय’ ही फाईलमधला मजकूर बदलणारी कमांड चालवली आणि फक्त वजनाचा प्रोग्राम पुन्हा सुरू केला. सेड जागच्या जागी बदल करतोय असं वाटतं, पण तो नवी फाईल लिहून जुन्या नावावर बसवतो. आयनोड बदलला, किल्ली बदलली. आयपीसी_क्रिएट (क्यू नसेल तर नवी बनव) दिलेलं असल्यामुळे वजनाच्या प्रोग्रामला नवी कोरी क्यू मिळाली, आणि पावतीचा प्रोग्राम जुनीवर वाट बघत बसला. एकही एरर नाही. दोन्ही प्रोग्राम आपापल्या परीने बरोबर होते, पावती मात्र निघेना. क्यूंची यादी दाखवणारी ‘आयपीसीएस -क्यू’ चालवल्यावर एकाऐवजी दोन क्यू दिसल्या तेव्हा उलगडा झाला. तोवर तासदीड तास पावत्या हाताने लिहाव्या लागल्या. किल्ली म्हणून ठरावीक आकडा लिहिला असता तर हे टळलं असतं, मान्य. पण तोच आकडा उद्या त्या मशीनवर दुसऱ्या कुणी वापरणार नाही, याची खात्री कोण देणार?

पॉझिक्समध्ये क्यूला सरळ नाव असतं: ‘/काटा’. फाईलशी त्याचा संबंधच नाही. लिनक्सवर /डेव्ह/एमक्यू (mqueue) माउंट असेल तर तिथे ती दिसते, आणि कॅट करून फाईलसारखी वाचली की आत किती बाइट साठलेत तेही कळतं. शिवाय लिनक्सवर तिचा डिस्क्रिप्टर हा फाईल डिस्क्रिप्टरच (उघडलेल्या फाईलला मिळतो तसा नंबर) असतो. एकाच वेळी अनेकांवर लक्ष ठेवणाऱ्या पोल किंवा ईपोलमध्ये क्यू आणि सॉकेट एकत्र ऐकता येतात. सिस्टीम व्हीत त्यासाठी वेगळा थ्रेड ठेवा, नाहीतर आयपीसी_नोवेट (वाट न बघता परत ये) लावून फेऱ्या मारत राहा. मला तरी ही सोय फार मोठी वाटली.

त्रास तिथेही आहेत. लिनक्सवर मूळ मर्यादा एका क्यूत १० संदेशांची आणि एका संदेशाला ८१९२ बाइटची. वाढवायची तर /प्रोक मधले कर्नलचे आकडे बदलायला लागतात. घेणाऱ्याचा बफर क्यूच्या कमाल संदेशाएवढा नसेल, तर संदेश चार बाइटचा असला तरी ईएमएसजीसाइझ हा एरर येतो. क्यू आधीच बनलेली असेल तर एमक्यू_ओपनला दिलेले नवे आकडे मुकाट्याने दुर्लक्षिले जातात. आधी एमक्यू_अनलिंक करून जुनी काढून टाका. जुन्या जीलिबसीवर (लिनक्सची सी लायब्ररी) कंपाइल करताना -एलआरटी जोडायला विसरू नका. मॅकवर ही क्यू मुळातच नाही. प्रोग्राम संपला तरी क्यू कर्नलमध्ये राहते, हे मात्र दोघींचंही सारखंच.

पण या सगळ्या अडचणी निदान बोलतात, एररचं नाव सांगतात किंवा एकदा मॅन्युअल वाचलं की कळतात. काट्यावर तेव्हापासून पॉझिक्स आहे. पुढच्या हंगामाआधी दुसरा काटा जोडायचाय, त्याच्या क्यूचं नावही ठरलंय: ‘/काटा२’.