अ‍ॅक्रिलिकची नेमप्लेट: पाटी छान, अ‍ॅपॉस्ट्रॉफी तपासून घ्या

काळ्या अ‍ॅक्रिलिकवर सोनेरी उठावाची अक्षरं, माप साधारण १२ बाय ६ इंच. फ्लॅटच्या दारावर शोभते, ओल्या फडक्याने पुसता येते, कटिंगही स्वच्छ असतं. घोळ आहे तो मजकुरात. ऑनलाइन दाखवलेल्या नमुन्यांतच पुष्कळदा ‘द शर्मा’, मग अ‍ॅपॉस्ट्रॉफी (इंग्रजीत अक्षरांच्या वरच्या बाजूला येणारी स्वल्पविरामासारखी खूण), मग एस असं असतं. गिऱ्हाईक आडनाव तेवढं बदलतं आणि चूक जशीच्या तशी दाराला लागते.

इंग्रजीत आडनावाचं अनेकवचन करायला अ‍ॅपॉस्ट्रॉफी लागत नाही. घरात कुलकर्णी मंडळी राहतात एवढंच सांगायचं असेल तर आडनावाला नुसता एस जोडा. ‘कुलकर्ण्यांचं घर’ असं हवं असेल तर त्या एसनंतर अ‍ॅपॉस्ट्रॉफी आणि पुढे ‘होम’. चिन्ह एसच्या आधी गेलं की घर एकट्याच कुलकर्ण्याचं झालं, बाकीचे बहुधा पाहुणे! नवरा-बायकोची नावं घालून ‘अमित अँड नेहा’ यांचं घर लिहायचं असेल तर मालकी सामाईक, म्हणून अ‍ॅपॉस्ट्रॉफी-एस फक्त नेहाला.

एसने संपणारी आडनावं जास्त त्रास देतात. व्यास, डायस, फर्नांडिस यांच्या अनेकवचनाला ईएस लागतो आणि मालकी दाखवायची तर त्यानंतर अ‍ॅपॉस्ट्रॉफी. फर्नांडिसची मूळ ९ अक्षरं ११ होतात, म्हणजे तेवढ्याच रुंदीत फॉन्ट बारीक करावा लागतो. अशा वेळी सरळ ‘फर्नांडिस फॅमिली’ लिहावं. व्याकरण सांभाळलं जातं आणि पाटीही भरगच्च दिसत नाही.

उठावाच्या अक्षरांत अ‍ॅपॉस्ट्रॉफी हा सगळ्यात छोटा सुटा तुकडा. त्याच्यामागे टेपला जागाच नसते, त्यामुळे उन्हात किंवा रोजच्या पुसण्यात तोच आधी निखळतो. चिन्ह हवंच असेल तर कोरलेली किंवा छापील पाटी घ्या.

ऑर्डर देताना कीबोर्डवरची १ च्या डावीकडची कळ वापरू नका. ते वेगळंच चिन्ह आहे आणि उलट्या बाजूला झुकतं. अ‍ॅपॉस्ट्रॉफी इंग्रजी नऊच्या आकड्यासारखा, शेपूट खाली डावीकडे वळलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रूफ, म्हणजे मंजुरीसाठी पाटीचं चित्र, आलं की झूम करून तेवढी जागा बघा. ‘ओके’ कळवल्यावर नावाची पाटी सहसा कुणी परत घेत नाही.