३२ इंची टीव्ही की २७ इंची मॉनिटर?
दारव्ह्याजवळच्या गावात मी पीकविम्याचे अर्ज भरून देतो. आधी स्वस्तात पडला म्हणून ३२ इंची टीव्हीच संगणकाला जोडला होता. पडदा मोठा, पण रिझोल्यूशन (आडवे × उभे ठिपके) १३६६ × ७६८, म्हणजे इंचाला जेमतेम ४९ पिक्सेल, म्हणजे ठिपके. गट नंबरातले १ आणि ९ सारखेच दिसायचे. एका शेतकऱ्याचा अर्ज त्यापायीच परत आला, फार जिवाला लागलं.

आता २७ इंची, २५६० × १४४० चा मॉनिटर घेतलाय. इंचाला १०९ पिक्सेल! डावीकडे सातबारा, उजवीकडे अर्ज. बाजूला बसलेले काका स्वतःच वाचून म्हणतात, ‘बरोबर हाये भाऊ.’ टीव्ही क्रिकेटला उत्तम, अक्षरांना नाही. लोडशेडिंगमध्ये दोन्ही इन्व्हर्टरवर चालतात. उन्हाळ्यात मात्र कूलरचा ओला झोत स्क्रीनवर येऊ देऊ नका.