सीपीके अर्ध्यावर आला म्हणून पुढचे पैसे भरू नका

माझ्या दादाला लिंब-गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. खांद्याभोवतीचे आणि कमरेभोवतीचे स्नायू हळूहळू झिजत जातात. खाली बसला की मांडीवर हात रोवून उठावं लागतं. पुण्यातल्या एका रिहॅब सेंटरने त्याच्याकडून ८५,००० रुपये आगाऊ घेतले. गेलेले स्नायू व्यायामाने परत आणतो आणि रक्ताच्या रिपोर्टवर सिद्ध करून दाखवतो, असा त्यांचा दावा होता. ते सिद्ध कसं करतात, तेवढं ऐका.

पहिल्या दिवशी ‘असेसमेंट’ म्हणून त्याला जिने चढ-उतर करायला लावले, वर वजनं उचलायला लावली. घरी आला तो भिंत धरतच. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त घेतलं: सीपीके, म्हणजे स्नायू किती दुखावलेत ते दाखवणारा रक्तातला आकडा, ६,४००. कोर्स संपताना मात्र आठवडाभर पूर्ण विश्रांती घ्यायला सांगितली आणि मग रक्त काढलं: २,९००. लगेच रंगीत आलेख, ‘५५ टक्के सुधारणा’ आणि पुढच्या पॅकेजचा दर, दीड लाख. त्यात स्टेम सेलचं इंजेक्शनही होतं. २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार या आजारात ते फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतं, आणि तेही रुग्णाकडून पैसे न घेता.

सीपीके हे स्नायूंमधलं एन्झाइम. स्नायू दुखावले की रक्तात उतरतं. दमवणाऱ्या व्यायामानंतर धडधाकट माणसाचंही काही दिवस वाढलेलं असतं, विश्रांतीने आपोआप खाली येतं. आजार पुढे जाऊन स्नायूच कमी उरले तरीही आकडा घटतो, ही तर वाईट बातमी! आईने फायलीतून न्यूरॉलॉजिस्टकडचा, सेंटरला जाण्याआधीचा रिपोर्ट काढला: २,८००. म्हणजे सुधारणा शून्य.

सेंटरने काढलेल्या, दादा बसून उठतानाच्या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या व्हिडिओतही तीच चलाखी. आधीच्यात बुटकं स्टूल, नंतरच्यात उंच खुर्ची.

व्यायामच नको, असं मात्र नाही. आता दादा फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली बोलता येईल इतक्याच वेगाने सायकल चालवतो. सुरू करण्याआधी हृदय आणि श्वास तपासून घेतले, कारण काही प्रकारांत त्यांनाही त्रास होतो. दुसऱ्या दिवशीही अंग दुखलं किंवा गळून गेलं, तर व्यायाम जास्त झाला समजायचं. लघवी कोलाच्या रंगाची झाली तर थेट हॉस्पिटल. अशा व्यायामाने दम टिकतो, थोडा वाढतोही. आजाराच्या मुळाशी असलेला जनुकातला दोष जात नाही, आणि जातो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर उठून या.

सेंटरमधल्या ‘डॉक्टर’ची नोंदणी महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे आहे का, ते विचारा. आम्ही विचारलं तेव्हा चहा आला, नंबर नाही आला. परतावा मागितला तर ‘थेरपी घेतलीत ना?’ एवढंच उत्तर. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत भरलेल्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही. आमची दाखल केली आहे. सुरुवातीची माहिती १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मिळते. पावत्या, आधीचे-नंतरचे सगळे रिपोर्ट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची आश्वासनं जपून ठेवा. आमच्याकडे ती होती म्हणूनच तक्रार उभी राहिली.