मिनिटं कळतात, मजकूर कळत नाही: पालक-देखरेखीचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात लेकीच्या फोनमधल्या एका मोठ्या फोटो-व्हिडिओ ॲपवर मी ‘पालक देखरेख’ चालू केली. लेक नववीत, वय १४. आता फेब्रुवारी संपत आलाय. ॲपचं नाव लिहीत नाही. अशी सोय आता बहुतेक मोठ्या ॲप्सवर आहे आणि मला बोलायचंय ते त्या सोयीबद्दल.

फोनच का काढून घेतला नाहीस, असं नणंदेपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी विचारलं. वर्गाचा गृहपाठ व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो, क्लासच्या वेळा तिथेच बदलतात, खो-खोच्या सरावाचा निरोपही तिथेच येतो. फोन घेतला असता तर पोर वर्गात एकटी पडली असती.

चालू करायला वीसेक मिनिटं लागली. माझ्याकडून विनंती गेली, तिने ती स्वीकारली. खातं खाजगी झालं, अनोळखी लोकांचे मेसेज बंद झाले, रात्रीच्या सूचना थांबल्या आणि दिवसाला एका तासाची मर्यादा लागली. यातल्या दोन गोष्टींचं मी मनापासून कौतुक करते. आधी रोज दोन-तीन परके पुरुष तिला ‘हाय डिअर’ लिहायचे, ते पूर्ण थांबलं. आणि झोप. आधी साडेबारापर्यंत पांघरुणात उजेड दिसायचा. जुलै उजाडेपर्यंत ती सकाळी सहाला आपली आपण उठायला लागली. एवढ्यासाठी तरी प्रत्येक आईबापाने हे आजच चालू करावं.

पण ऑगस्टमध्ये जे झालं, ते या सोयीला दिसलंच नाही.

खो-खोच्या निवड चाचणीसाठी तिने ‘धावण्याचा वेग कसा वाढवायचा’ असं शोधलं होतं. त्यावरून व्यायामाचे व्हिडिओ यायला लागले, त्यामागून पोट कमी करण्याचे, आणि मग ‘मी दिवसभरात काय खाते’ असं सांगणाऱ्या, अर्ध्या सफरचंदावर दिवस काढणाऱ्या मुलींचे. माझ्या फोनवर त्या दिवसांत काय दिसत होतं? आज ५२ मिनिटं. आज ४७ मिनिटं. मर्यादेच्या आत. मी निश्चिंत होते. इकडे ताटातल्या दोन चपात्यांची एक झाली, एकीची अर्धी. गौरीच्या जेवणात पुरणपोळी तशीच बाजूला सारलेली पाहिली तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं.

रात्री न रागावता तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, तुला काय काय दिसतं ते मलाही दाखव. चाळीस व्हिडिओ पाहिले. सतरा शरीराबद्दलचे होते. तिने त्या दिवशी त्यातलं काहीही शोधलेलं नव्हतं. ते आपोआप समोर येत होतं आणि प्रत्येकावर ती दोन-चार सेकंद जास्त थांबत होती. तेवढं थांबणं पुरतं. यंत्राला ती आवड वाटते, मग ते तसलेच आणखी पुढे करतं.

वजन केलं तर दोन महिन्यांत चार किलो उतरलं होतं. त्या आठवड्यात मी १४४१६ वर फोन केला. ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारची टेली-मानस सेवा, फुकट, चोवीस तास. पलीकडच्या ताई मराठीत, अजिबात घाई न करता बोलल्या. आधी बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि जेवणावरून घरात वाद घालू नका, असं त्यांनी सांगितलं. हा नंबर कितीजणांच्या फोनमध्ये साठवलेला आहे मला माहीत नाही, पण तो असायला हवा. पुढे समुपदेशनाच्या सहा भेटी झाल्या. आता तीन किलो परत आलंय.

या काळात मी खूप वाचलं. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन या फेसबुकच्या माजी कर्मचारी बाईंनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली. त्यात इन्स्टाग्रामबद्दलचं एक वाक्य होतं: दर तीन किशोरवयीन मुलींमागे एकीच्या बाबतीत आपण शरीराबद्दलचा न्यूनगंड वाढवतो. हे कंपनीच्याच लोकांनी कंपनीतच लिहिलेलं होतं. माझ्या लेकीला काय होतंय हे मला सप्टेंबरमध्ये कळलं. असं होऊ शकतं हे या धंद्यातल्या माणसांना कितीतरी वर्षं आधी ठाऊक होतं.

लंडनमधल्या चौकशीबद्दल वाचल्यावर तर रात्रभर झोप लागली नाही. १४ वर्षांची एक मुलगी २०१७ मध्ये गेली. शेवटच्या सहा महिन्यांत तिने इन्स्टाग्रामवर जतन केलेल्या, आवडल्याची खूण केलेल्या किंवा पुढे पाठवलेल्या १६,३०० गोष्टींपैकी २,१०० नैराश्य, स्वतःला इजा आणि आत्महत्या यांच्याशी संबंधित होत्या. सप्टेंबर २०२२ मध्ये मृत्यूचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांनी निष्कर्षात स्पष्ट लिहिलं की नैराश्याबरोबरच ऑनलाइन मजकुराचे वाईट परिणामही ती भोगत होती. हा हिशेब जगासमोर यायला जवळजवळ पाच वर्षं गेली. माझ्या पडद्यावर हाच रकाना नाही. पोरीने किती वेळ पाहिलं ते मला कळतं, तिला काय पाहायला दिलं ते कळत नाही.

लेक म्हणाली, ‘आई, माझे मेसेज नको वाचूस.’ नाहीच वाचायचे मला. मैत्रिणींशी ती काय बोलते ते तिचं आहे. पण कंपनी स्वतःहून तिच्यापुढे काय ढकलते, ते तिचं खाजगी कसं?

करून पाहिलेल्या बाकीच्या गोष्टीही सांगते. सुचवण्या पुसून नव्याने सुरू करायचं बटण आहे. ते दाबल्यावर नऊ दिवस शांतता होती, मग पुन्हा तेच. उपाशी राहायला शिकवणाऱ्या तीन व्हिडिओंची तक्रार केली, तिन्हींना ‘नियमांचं उल्लंघन आढळलं नाही’ हे उत्तर आलं. कमेंटची गाळणी इंग्रजी शिव्या अडवते. ‘जाडी’, ‘म्हैस’ हे रोमन लिपीत लिहिलं की सरळ आत येतं. मी एकेक शब्द हाताने यादीत घातला, तर पोरांनी एक अक्षर वाढवून लिहायला सुरुवात केली. हीच कंपनी मराठीत जाहिराती दाखवते, मराठी व्हिडिओ नेमके हेरून सुचवते. मग मराठीतला अपमान ओळखणं हे काम माझ्या गळ्यात का? वयाचं तर विचारूच नका. लेकीच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचं दुसरं खातं आहे, जन्मसाल २००४ टाकून उघडलेलं. कुणी तपासलं नाही.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो ॲपबाहेरच्या एका गोष्टीचा. माझं माहेर कडेगाव तालुक्यातलं. तिथल्या मोहित्यांचे वडगाव गावाने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. ८.३० पर्यंत घराघरांत टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला. आम्ही ऑक्टोबरपासून घरात तेच धरलं. सगळ्यांचे फोन फडताळात, माझा आणि ह्यांचाही. पहिला आठवडा जड गेला. नंतर त्या दीड तासात ती स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बोलायला लागली. वर्गात कोण तिला काय म्हणतं, हे मला तिथे, कणीक मळताना कळलं.

पण गावाने भोंगा लावला, घराने फडताळ केलं, आईने शब्दांची यादी केली. ज्याच्या यंत्रातून हे येतं त्याने काय केलं? ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना सोशल मीडियाची खाती ठेवू न देण्याचा कायदा लागू झाला. सरसकट बंदी योग्य की नाही, याबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. त्यातली एक गोष्ट मात्र मला पूर्ण पटते: दंड, तोही ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतचा, कंपनीला आहे. मुलाला नाही, आईबापाला नाही. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे, दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य बंधनं लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर माझी लेक दहावी होऊन बाहेर पडलेली असेल.

ही सोय वापरावी का, तर वापरावी. मेसेज आणि झोप यासाठी नक्की. मात्र रोजचा आकडा बघून माझ्यासारखं निश्चिंत राहू नका. आठवड्यातून एकदा शेजारी बसून तिच्याच फोनवर, तिच्या परवानगीने, वीस-पंचवीस व्हिडिओ पाहा, आणि ताटाकडे लक्ष ठेवा.

जानेवारीत मी चौथी तक्रार केली, तीन दिवस फक्त पाण्यावर राहायच्या ‘चॅलेंज’ची. अजून ‘तपासणी सुरू आहे’ असंच दिसतं. काल रात्री पाहिलं, व्हिडिओ अजून तिथेच आहे.