पटकथेसाठी कॉपीराइट सल्ला घेतला, त्याबद्दल
डॉ. रखमाबाईंवर पटकथा लिहितेय. टेबलावर तीन चरित्रं आणि पोटात गोळा, यातलं काय घेता येईल? पुण्यातल्या एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी माझं टिपणच पुढ्यात ओढलं आणि दोन पेनं काढली. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला यावं म्हणून नवऱ्याने भरलेला १८८४ चा खटला, निकाल, ‘टाइम्स ऑफ इंडिया’मधली त्यांची पत्रं हिरव्या शाईत, म्हणजे बिनधास्त घ्या. घटनांवर कुणाची मालकी नसते, हे सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच आर. जी. आनंद खटल्यात सांगितलंय. रखमाबाई १९५५ साली गेल्या, मृत्यूनंतरची कॉपीराइटची साठ वर्षं उलटली, त्यामुळे पत्रंही मोकळी. लाल शाईत मात्र चरित्रकाराने कल्पनेने रचलेला रखमाबाईंचा आईशी संवाद. माझा सगळ्यात लाडका प्रसंग! ‘‘हवाच असेल तर लेखी हक्क घ्या, नाहीतर मूळ कागदांवरून स्वतः उभा करा.’’ फी जरा जास्त वाटली, पण दीड तास बाईंनी घड्याळ पाहिलं नाही. जरूर जा.