साडेचारशेचा पांगुळगाडा, अकरा महिने वापरून

लेक अकरा महिन्यांचा झाला, पलंगाला धरून उभा राहायला लागला, तेव्हा सासूबाईंनी फर्मान काढलं, "पांगुळगाडा आणा." मी मात्र वॉकर बघत होते, तो गोल, आत बसवायचा. डॉक्टरांनी साफ नको म्हणून सांगितलं. त्यात पोर तोल सांभाळायला शिकत नाही, वर पाय मारत क्षणात जिन्यापाशी पोचतं. कॅनडात तर २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे. पांगुळगाड्याचं तसं नाही. आधी स्वतः उभं राहावं लागतं, मगच गाडा हलतो. सासूबाई जिंकल्या.

लातूरची गंजगोलाई गाठली. सोळा रस्ते येऊन मिळतात तिथं. कुठल्या रस्त्याला काय मिळतं ते माहीत नसेल तर जगदंबेच्या देवळाभोवती गरगर फिरत बसायचं. आम्ही दोन फेऱ्या मारल्या. दुकानदार सहाशे म्हणाला, "ताई, बाभळीचं लाकूड हाय, नातवंडापर्यंत चालंल." शेवटी साडेचारशेला दिला. बाभळीचं आहे का ते मला कळत नाही, पण जड आहे आणि ते बरंच आहे. हलका गाडा पोराच्या भारानं मागं उलटतो. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण आता तक्रारी.

धरायच्या दांड्याजवळ एक खिळा अर्धा वर होता. घरी येऊन ठोकला, काचकागद मारला. दांड्याचा लाल रंग तर दुसऱ्याच दिवशी लेकाच्या ओठांवर. या वयाची पोरं दांडा आधी चावतात, मग ढकलतात, त्यामुळे बिनरंगाचाच मागा. सगळ्यात मोठी अडचण चाकांची. मातीच्या अंगणासाठी केलेली लाकडी चाकं आमच्या गुळगुळीत फरशीवर अशी पळायची, की गाडा पुढं आणि पोरगं मागं तोंडावर. वर तो खडखडाट! खालच्या काकू दोनदा वर येऊन गेल्या. मग ह्यांनी पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणली, बोटभर रुंदीच्या चकत्या कापल्या आणि तिन्ही चाकांवर ताणून चढवल्या. घसरणं थांबलं, आवाजही गेला. फुकटातलं काम, पण हे न करता गाडा फरशीवर देऊ नका.

चालायला तो दोन महिन्यांत शिकला. वाटलं, आता गेला माळ्यावर. पण तेवढ्यात साहेबांना घंटागाडीचं वेड लागलं. सकाळी तिचं गाणं ऐकू आलं की दूध अर्ध्यावर टाकून गॅलरीत. मग स्वतःची फेरी. सासूबाईंनी गाड्याला सुतळीनं टोपली बांधून दिली आहे. कांद्याची सालं, ह्यांचा चार्जर, माझी एक चप्पल, सगळा कचरा गोळा करून देवघरापुढं रिकामा होतो. एकदा घराची किल्लीही कचऱ्यात गेली आणि माझी औशाची एसटी चुकली. शाळेत मुख्याध्यापकांना खरं कारण सांगितलं, त्यांना पटलं नाही.

उन्हाळ्यात त्याच गाड्याचा टँकर झाला. टोपलीत तांब्या, आणि प्रत्येक कुंडीपाशी थांबून "पानी आऽऽलं!" आमच्याकडं पोरांना हे शिकवावं लागत नाही. दिवसातल्या दोन झोपांची एक झाली, तीही रोज वेगळ्या वेळी. पण आधी गाड्याला दुपटं पांघरायचं, मग स्वतः आडवं व्हायचं, हे ठरलेलं. बाराशेची बॅटरीची मोटार मात्र चार दिवसांत कपाटाखाली गेली, ती अजून तिथंच आहे.

घ्यायचाच असेल तर पोराला सोबत न्या. दांडा त्याच्या छातीच्या उंचीला आला पाहिजे. आमचा आता बुटका पडतोय, लेक वाकून ढकलतो.

परवा गाडा उलटा पाडून बसला होता आणि एक चाक हातानं फिरवत होता. "काय करायलास रे?" म्हणलं, तर बघितलंसुद्धा नाही. "गिन्नी," म्हणाला. पिठाची गिरणी. टोपलीत माझी दुसरी चप्पल होती, दळायला.