रक्त हिरवं, माइक उघडा: बीजीएमआय पालकांच्या नजरेतून

सप्टेंबर 2020 मध्ये पबजी मोबाइल या बंदूकबाजीच्या ऑनलाइन खेळावर भारतात बंदी आली. जुलै 2021 मध्ये क्राफ्टन या दक्षिण कोरियन कंपनीने तो खेळ थोडा धुऊनपुसून ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ (बीजीएमआय) म्हणून आणला. रक्त हिरवं झालं, ‘किल’चं ‘फिनिश’ झालं. 18 वर्षांखालच्यांना पालकांच्या मोबाइलवर ओटीपी आणि दिवसाला तीन तासांची मर्यादा. माझ्याकडून पाचपैकी तीन तारे.

हिरव्या रक्ताला त्यात एकही गुण नाही. ती रंगरंगोटी आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 2020 मध्ये स्पष्ट केलं, की हिंसक खेळांचा ओरडणं, ढकलाढकली अशा आक्रमकपणाशी थोडा संबंध दिसतो. खऱ्या हिंसाचाराचं खापर त्यांच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही. ऑक्सफर्डच्या 2019 च्या अभ्यासात सुमारे हजार ब्रिटिश किशोरांमध्ये तेवढाही संबंध सापडला नाही.

घरातला आरडाओरडा मात्र खराच असतो. त्याचं एक साधं कारण म्हणजे हा खेळ मध्येच थांबवता येत नाही. एरांगेल या नकाशावरचा 100 खेळाडूंचा सामना अर्ध्या तासापर्यंत चालतो. विसाव्या मिनिटाला वायफाय बंद केलं तर पोरगा गेला आणि सोबतचे तिघंही अडकले. म्हणून ‘आठ वाजता बंद’ न म्हणता ‘दोन सामने’ म्हणा. घाई असेल तर टीडीएम, म्हणजे टीम डेथमॅच हा छोटा सामना: चारास चार, 40 फिनिश किंवा 10 मिनिटं, की संपलं.

तीन तासांची मर्यादा चांगली, पण वय विचारलं जातं ते खेळणाऱ्यालाच. ‘18 च्या वर’ दाबलं की सहा तास मोकळे. त्यामुळे मुलाच्या खात्याला गुगल फॅमिली लिंक हे पालकांसाठीचं ॲप जोडून ॲपची वेळ तिथेच ठरवा. वेळ संपली की ॲप बंद होतं, सामना चालू असला तरी. तेव्हा अर्धा तास सैल धरा.

शिव्या येतात त्या अनोळखी टीममेटच्या माइकवरून, आणि याकडे कुणाचं लक्ष नसतं. छोट्या नकाशाजवळ माइक आणि स्पीकरची चिन्हं असतात. अनोळखी टीम असेल तर दोन्ही बंद. ओळखीच्या चौघांची टीम असेल तर चालू ठेवायला हरकत नाही.

राहिलं यूसी, म्हणजे खऱ्या पैशांनी विकत घ्यायचं खेळातलं चलन, जे कपड्यांवर आणि बंदुकीच्या रंगांवर उडतं. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा. 30 मिनिटांचा पर्याय ठेवला तर एकदा पासवर्ड टाकल्यावर अर्धा तास तिजोरी उघडीच.